जे भांडं काहीच धरत नाही, त्याला भांडं म्हणायचं का? (काळ्या मातीचा फवारणी पंप)

वर्धाकाठ
मंडळी, नमस्कार. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. मातीची वस्तू कामाची पाहिजे. नाहीतर ती माती वावरातच बरी, निदान कपाशी तरी येईल.

आमची पुतणी बडोद्याला सिरॅमिक शिकून आली. आमचं गाव आर्वीकडे. गोठ्याला लागून एक खोली रिकामी होती, तिथं तिचं काम चालतं. सगळ्यांना वाटलं आता कप-बशा, फुलदाण्या होतील, नागपूरला विकल्या जातील. तिनं केला पाठीवरचा फवारणी पंप. खऱ्या मापाचा, आमच्याच वावरातल्या काळ्या मातीचा. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून टाकी उभी केली, आतून पोकळ. ओल्या मातीवर खऱ्या पंपाचा पट्टा दाबला, तर त्याची वीण न् वीण उठली. गेल्या साली पट्टा तुटल्यावर गड्यानं सुतळीचे टाके घातले होते, तेसुद्धा उमटले. दिसायला जबरदस्त, खोटं कशाला बोलू.

वाळताना मात्र टाकी झाकणापासून बुडापर्यंत उभी चिरली. मी म्हटलं बुजव. ती म्हणते, "राहू द्या काका. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात, त्या कोण बुजवते?"

आमच्या आईनं येऊन एकच विचारलं, "याच्यात पानी राह्यते का?" नाही म्हटल्यावर ती आत निघून गेली.

तर दोन प्रश्न. एक, ज्या भांड्यात काही ठेवता येत नाही त्याचा अर्थ काय लावायचा? दुसरा साधा आहे : आपली काळी माती भाजता येते का? पुतणीला तो पंप भाजायचा आहे आणि आमच्या भागातला कुंभार नाही म्हणतो.

ठेचाभाकर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं हाय. ज्यात काही राहत नाही असं भांडं म्हणजे माहं बँक खातं. त्यालेही कला म्हना.

उन्हाळी
आईंचा प्रश्न शंभर नंबरी. एवढे पैसे घालवून बडोद्याला जायचं आणि शेवटी फुटका पंप? माझ्याकडे तीन फुटके पंप आहेत, प्लास्टिकचे. प्रदर्शनात ठेवतो.

रिटायर्ड मास्तर
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, पहिलं माझ्या विषयातलं नाही.

काळ्या मातीत जी चिकणमाती असते तिचे कण पापुद्र्यासारखे असतात आणि ते पापुद्र्यांच्या मधे पाणी ओढून घेतात. म्हणून ती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. वावराच्या भेगांचं कारण हेच आणि तुमच्या पंपाच्या चिरेचंही हेच. शिवाय ही माती आतून सावकाश आणि बाहेरून भराभर वाळते. बाहेरचा थर आकसला, आतला अजून फुगलेलाच, की चीर ठरलेली. गोणपाटाखाली सावलीत वाळवली तर कमी चिरते, पण चिरते.

भाजायची असेल तर ती एकटी भाजू नये. तिच्यात काही तरी न आकसणारं घालावं लागतं : वाळू किंवा आधीच भाजलेल्या खापराचा चुरा. आपल्याकडे जुन्या कवेलूंचा (छपरावरच्या कौलांचा) ढीग प्रत्येक घरामागे असतो, ते कुटा आणि चाळून मिसळा. ते एकदा आकसून बसलेले असतात, पुन्हा आकसत नाहीत.

भट्टीत साधारण 450 ते 600 अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिक रूपानं असलेलं पाणी निघून जातं. तोवरची वस्तू पाण्यात टाकली तर पुन्हा चिखल होते, त्यानंतर नाही. 573 अंशांवर वाळूतला क्वार्ट्‌झ एकदम फुगतो आणि थंड होताना त्याच ठिकाणी एकदम आकसतो. घाईनं आवा (कुंभाराची भट्टी) उघडला की मडकी तडकतात त्याचं हे एक कारण.

आणि एक : भाजल्यावर ती काळी राहणार नाही. लोहामुळे तांबूस निघेल. पुतणीला हे माहीत असेलच.

गाडगेमडके
मास्तरांनी सगळं सांगितलं, पण कुंभार नाही का म्हणतो ते सांगितलं नाही. मी कुंभाराघरची. आमच्याकडे काळ्या मातीला हात न लावण्याचं कारण भेगा नाही, चुनखडी. या मातीत बारीक पांढरे खडे असतात. आव्यात ते भाजून त्यांचा कळीचा चुना होतो. मडकं आव्यातून निघतं तेव्हा छान खणखणीत वाजतं. पावसाळी हवा लागली की आतला चुना दमट हवा पितो, फुगतो, आणि मडक्याच्या अंगावरून मसुराच्या डाळीएवढी कपची उडते. खळगा पाहिला तर मधोमध पांढरा ठिपका. गिऱ्हाईक ते मडकं घेऊन परत येतं आणि चार लोकांसमोर बोलतं ते वेगळं. म्हणून आम्ही तळ्याची नाहीतर नाल्याकाठची गाळमाती घेतो, चाळतो, तुडवतो, त्यात गाढवाची लीद मिसळतो. लीद जळून गेली की बारीक छिद्रं राहतात.

आता पहिल्या प्रश्नाबद्दल. माझे वडील चाळीस वर्षं चाकावर बसले. चिरलेलं मडकं त्यांनी कधी बाजारात नेलं नाही, परत तुडवून मातीत घातलं. तुमच्या पुतणीचं चिरलं तर ते "मातीचं म्हणणं" होतं, आमचं चिरलं तर नुकसान. राग नाही हं, फक्त हिशेब मांडते.

नागपूरकर पुण्यात
+१ गाडगेमडके. हीच गोष्ट जगभर आहे. चीनचा कलाकार आय वेवे, त्यानं 2010 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयात पोर्सेलीनच्या सूर्यफुलाच्या दहा कोटी बिया पसरल्या. प्रत्येक बी हातानं रंगवलेली, जिंगदेझेन या कुंभारांच्या जुन्या शहरात तिथल्या कारागिरांनी केलेली. आधी लोकांना त्यावर चालू देत होते, मग धूळ उडते म्हणून बंद केलं. आज आय वेवेचं नाव सगळ्यांना माहीत. बिया रंगवणाऱ्या बायांपैकी एकीचं तरी नाव सांगा.

पण त्याच वेळी हेही खरं, की त्या बियांनी कोणाचं पोट भरलं नाही आणि तरी लोक तासन् तास बघत उभे राहिले. वस्तू निकामी झाली की माणूस तिच्याकडे नीट बघतो, असं काही असेल.

ठेचाभाकर
दहा कोटी बिया आन् एकही उगवली नाही. आमच्या तालुक्यात याले बोगस बियानं म्हन्तात, तक्रार करता येते.

उन्हाळी
😂😂

कपाशी
धाग्यावर हसणं चालू आहे, चालू द्या. पण पंपच का केला हे कोणी विचारलं नाही.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती, फवारा वर मारावा लागायचा आणि तोच अंगावर यायचा. आमच्या घरचा माणूस सव्वा महिना दवाखान्यात होता. परत आला, पण डोळ्यांना अजून अंधारी येते. तो पंप आम्ही फेकला नाही. फेकायला पाहिजे होता. माळ्यावर आहे, उलटा ठेवलेला.

मला त्या मुलीचा पंप बघायचा आहे. पाणी राहत नाही ते बरंच आहे.

वर्धाकाठ
कपाशी, नमस्कार. मी तिला विचारलं नव्हतं, आज विचारलं. ती म्हणाली, दुसऱ्या कोणत्या वस्तूनं हे वावर आणि हे अंग एकमेकाला एवढं चिकटतं? पट्टा खांद्यावर, टाकी पाठीवर. बस, एवढंच बोलली आणि माती मळायला लागली. तुम्ही केव्हाही या, पत्ता खाजगी संदेशात देतो.

माझं मत मात्र अजून तेच आहे. जे सांगायचं ते भाषणात सांगता येतं, त्याला पंप कशाला.

उन्हाळी
कपाशी, माफ करा, मी माझ्या प्लास्टिकच्या पंपांची मस्करी केली ती मागे घेतो.

झाडीपट्टीवाली
मी भंडाऱ्याकडची. आमच्याकडे मालगुजारी तलावांचा गाळ कुंभारांना सोन्यासारखा. लीद नाही, भाताचं तूस घालतात, तेही जळून छिद्र ठेवतं.

पाणी न धरणारी भांडी काही नवीन नाहीत, वर्धाकाठ. आपल्या विदर्भातच बघा. महुरझरी, जुनापाणी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथं दगडांची वर्तुळं आहेत, इसवी सनापूर्वी पहिल्या सहस्रकातली दफनं. त्यात माणसाबरोबर लोखंडाची हत्यारं, घोडे, आणि मडकी. महुरझरीला घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने सापडलेत. ती मडकी कोणी पाणी प्यायला ठेवली नव्हती, पिणारा मातीखाली होता. तरी केली नीट घोटून.

त्यातली काळी-तांबडी मडकी बघा : आतून आणि काठाला काळी, बाहेरून लाल. असं मानतात की भट्टीत ती पालथी ठेवायचे. आत हवा जात नाही म्हणून लोह काळं राहतं, बाहेर हवा लागते म्हणून लाल होतं. मास्तर म्हणाले ना की काळी माती भाजल्यावर काळी राहणार नाही? पुतणीला पंप काळा ठेवायचा असेल तर आव्याचं तोंड लिंपून धूर कोंडावा लागेल. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना इथंच हे जमत होतं.

पाटी कोरी
बरेच दिवस वाचतोय, पहिल्यांदा लिहितोय. उपयोग नसलेलं मडकं प्रत्येक घरात येतंच की. खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरवतात, त्याला भोक पाडतात, पाणी गळत जातं आणि शेवटी फोडतात. ते मडकं केलेलंच असतं पाणी न राहण्यासाठी आणि फुटण्यासाठी. आणि अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी घागर भरतो ती? तिच्यातलं पाणी कोणाच्या घशाखाली जातं?

गाडगेमडके
पाटी कोरी, बरोबर. आणि त्या मडक्याचे पैसे कोणी घासाघीस करत नाही. एकमेव.

नागपूरकर पुण्यात
आता विषय निघालाच आहे तर सांगतो, जगातली सगळ्यात गाजलेली सिरॅमिक कलाकृती म्हणजे मुतारी आहे. न्यूयॉर्क, 1917. मार्सेल दुशाँ नावाच्या फ्रेंच कलाकारानं दुकानात मिळणारं चिनी मातीचं युरिनल आडवं ठेवलं, त्यावर "आर. मट" अशी सही केली आणि प्रदर्शनाला पाठवलं. आयोजकांनी ते मांडलं नाही. मूळ वस्तू हरवली, फोटो राहिला. तिथून पुढे अख्खं शतक लोक भांडतायत की वस्तूचा अर्थ ती करणाऱ्याच्या हातात असतो की निवडणाऱ्याच्या डोळ्यात.

ठेचाभाकर
आर. मट की आर. माठ? आमच्या बस स्टँडवरच्या मुतारीची अवस्था पाह्यली असती तं त्या बाप्यानं कला सोडली असती.

व्यवस्थापक
विषयाला धरून.

उन्हाळी
धरूनच विचारतो : माठ. ऊन शेहेचाळीसच्या वर चाललंय. काळा माठ जास्त थंड करतो की लाल? घरात भांडण आहे. आणि मागच्या वर्षीचा माठ या वर्षी पाणी थंड का करत नाही?

रिटायर्ड मास्तर
रंगाचा संबंध नाही. झाडीपट्टीवालींनी सांगितलं तसं काळा म्हणजे धुरात भाजलेला. पाणी छिद्रांतून बाहेर झिरपतं आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. छिद्रं जितकी मोकळी आणि हवा जितकी कोरडी तितकं पाणी थंड. म्हणून आपल्याकडे माठ जमतो आणि कोकणात रडतो. जुन्या माठाची छिद्रं खाऱ्या पाण्यातल्या क्षारांनी बुजतात, बाहेर पांढरी पुटं दिसतात ती तीच. घासून थोडा फरक पडतो, फार नाही. आणि कोणी रंगीत चकचकीत माठ विकत असेल तर घेऊ नका. ग्लेझ म्हणजे काच, ती छिद्रं बंद करते. शोभेला ठीक.

ग्लेझवरून आठवलं, लोणच्यालाही सांभाळा. कमी तापमानाच्या काही ग्लेझमध्ये शिसं असतं आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतो. लोणचं ठेवायचं तर 1200 अंशांच्या वर भाजलेली जाड बरणी, तिचं अंगच काचेसारखं मिटलेलं असतं.

झाडीपट्टीवाली
तशा भाजणीचं काम बघायचं असेल तर लांब जायला नको. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघ आहे, कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभा केलेला. गांधीविचाराचा माणूस, आणि कुंभारकामाचं शास्त्र कुंभारापर्यंत नेण्याचा ध्यास. तिकडच्या कोळशाच्या थरांबरोबर भट्टीला चालणारी माती निघते हाही योग. आणि मॅंगनीज आमच्या तुमसरकडचं. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मॅंगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलमध्ये जातं, आणि तेच ग्लेझमध्ये चिमूटभर घातलं की तपकिरी-जांभळा रंग येतो. पुतणीला म्हणावं, रंग बाहेरून मागवायच्या आधी जिल्ह्याचा नकाशा बघ.

ठेचाभाकर
माठावरून लंबी रोटी आठवली. पालथ्या मडक्यावर हातभर लांब रोटी टाकनारी बाई पाह्यली का कोनी? मडकं उलटं केलं, पानी ठेवाचं काम संपलं, आन् तव्याचं काम सुरू झालं. मंग त्याले माठ म्हनाचं का तवा? मले तं फक्त सावजी रस्सा पाह्यजे संगं.

नागपूरकर पुण्यात
पुण्यात हे वाचणं म्हणजे छळ आहे.

वर्धाकाठ
ठेचाभाऊ, तुम्ही हसता हसता माझ्याच पायावर धोंडा टाकला. मडकं उलटं केलं तर तवा होतो हे मान्य.

आता हकीकत. मास्तरांनी सांगितलं तसं घरामागच्या जुन्या कवेलूंचा चुरा केला. आजोबांच्या काळातली देशी कवेलू, चाकावर नळकांडं काढून उभं अर्धं कापलेली, आतून अजून बोटांच्या रेघा दिसतात. पुढे इंग्रजी कवेलू आली, मग पत्रा आला. दर उन्हाळ्यात माकडं नाचायची आणि आम्ही कवेलू फेरायचो. ते सगळं छप्पर आता कुटून त्या पोरीच्या मातीत गेलं. गाळमाती शेजारच्या गावच्या कुंभारदादांनी दिली. चुनखडीसाठी दोनदा चाळली. नवा पंप केला, पट्टा तोच. आधीचा तडकलेला आहे तसा ठेवलाय, न भाजता.

कुंभारदादा आधी नाहीच म्हणत होते. पट्टा उमटलेला बघितला आणि म्हणाले, "माह्या पोराचाही असाच तुटला व्हता." मग स्वतःच्या आव्यात जागा दिली. मडक्यांच्या मधे, खापरांनी झाकून, तोंड लिंपून. रात्रभर तेच बसले होते, पुतणीला फक्त गोवऱ्या सरकवू दिल्या. पंप निघाला काळा, एका खांद्याकडे लालसर. नळीचं टोक उडालं. बाकी शाबूत.

गावातल्या कृषी केंद्रवाल्यानं बघितला आणि म्हणाला दुकानात ठेवतो, काउंटरवर मस्त दिसेल. पुतणीनं त्याला सांगितलं की यासोबत 2017 ची एक पाटी पण ठेवावी लागेल. तो म्हणाला बघतो, आणि अजून बघतोच आहे.

कपाशी
मी जाऊन आले. घरच्या माणसालाही नेलं होतं. त्यानं पट्ट्यावरून हात फिरवला, मग पाठीवर घेऊन बघू का म्हणाला. ती हो म्हणाली, आम्ही दोघींनी खालून आधार दिला. जड आहे, खऱ्या रिकाम्या पंपापेक्षा कितीतरी. तो म्हणाला, भरलेला एवढाच लागतो.

उन्हाळी
वर्धाकाठ, तुमचं मत बदललं की नाही ते सांगा. धागा तुमचा आहे.

वर्धाकाठ
अर्धंच. वस्तू कामाची पाहिजे हे अजून म्हणतो. काम कशाला म्हणायचं त्याची यादी थोडी लांबली. आई मात्र ठाम आहे. तिनं पुतणीला सांगितलं, आता एक माठ कर, मंग तुले मानते.

झाडीपट्टीवाली
माठ करायला सांगा, आजी बरोबर बोलतायत. पंप वळ्यांचा होतो. माठ म्हणजे चाकावरून उतरवून, आतून दगडी गोटा धरून बाहेरून थापटण्यानं ठोकत फुगवायचा. तिथं खरी परीक्षा.

गाडगेमडके
एक विचारायचं राहिलं. मडक्यांसोबत पंप भाजला, रात्रभर कुंभारदादा बसले, माती त्यांची, आवा त्यांचा, धूर कोंडायची अक्कल त्यांची. उद्या हा पंप नागपूर-मुंबईला प्रदर्शनात गेला तर पाटीवर त्यांचं नाव असणार का? वर बिया रंगवणाऱ्या बायांचा विषय झाला म्हणून विचारते.

वर्धाकाठ
पाटी अजून लिहिलेली नाही. आज संध्याकाळी तिला आणि दादांना दोघांनाही विचारतो.

ठेचाभाकर
आन् पैशाचं?

वर्धाकाठ
आवा, गोवऱ्या आणि रात्रीची मजुरी दिली. विकला गेला तर पुढचं काय, ते बोलणं झालेलं नाही.

गाडगेमडके
मग ते विकायच्या आधी होऊ द्या. नंतर कोणी बोलत नाही.